राखून ठेवलेलं रक्त

आमच्या घरात मला काही विचारायची पद्धत नव्हती, कळवायची होती. साताऱ्याला डी.एड.ला घातलं ते कळवलं. कडेगावचं स्थळ ठरलं ते कळवलं. आणि चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात, परीक्षा तोंडावर आलेली असताना, नानासो मामा जीप घेऊन हॉस्टेलच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, आण्णांनी बोलावलंय." आण्णा म्हणजे माझे वडील. कशाला, ते सांगायला त्यांना सातारा ते सांगली अख्खा रस्ता पडला होता. पण मामांनी वाटेत तोंड उघडलं ते चहा प्यायला तेवढं.

घरी येऊन बघते तर सम्मेद पलंगावर. माझा धाकटा भाऊ. कुपवाडला आमचं पंपाचे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप आहे, तिथं लेथवर उभा राहिला की त्याला जेवणाची शुद्ध नसायची. तो पोरगा चुन्यासारखा पांढरा पडला होता. दात घासले की हिरड्यांतून रक्त, दंडाला कुणी नुसता हात लावला तरी निळा डाग. हाडांच्या पोकळीत, मज्जेत, रक्त तयार होतं. त्याचा तो कारखानाच बंद पडला होता. मिरजेच्या डॉक्टरांच्या मते बाहेरचं रक्त चढवून काही महिने निघाले असते, पुढं नाही. इलाज एकच होता. सख्ख्या भावंडाशी त्याचं जुळलं, तर त्या भावंडाच्या मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढायच्या आणि याच्या शिरेत सोडायच्या. त्या आपणहून हाडांत जाऊन बसतात आणि कामाला लागतात. बाहेरच्या देशांत या पेशींवरचं संशोधन खूप पुढं गेलं होतं आणि आपल्याकडं वेल्लोरला असं ऑपरेशन होत होतं.

आता मी हे भडाभडा सांगतेय, पण तेव्हा मला यातलं अक्षर कुणी सांगितलं नाही. 'तपासायचंय' म्हणून दंडातून रक्त काढून नेलं. काही आठवड्यांनी आईनं शिऱ्याची वाटी माझ्या हातात ठेवली आणि डोळे पुसत म्हणाली, "तुझं जुळलं गं बाई." मला वाटलं, कडेगावच्या मुलाशी पत्रिका जुळली.

सम्मेदला रक्त द्यायला आमच्या गल्लीतली पोरं रांगेनं जायची. मीही गेले, बाही वर केली. डॉक्टर म्हणाले, "हिचं नको. बहिणीचं रक्त आधी दिलं तर पुढं त्याचं शरीर तिच्या पेशी झिडकारायचा धोका असतो. हिचं राखून ठेवा." झालं. त्या दिवसापासून मी लोणच्याची बरणी झाले. उन्हात जाऊ नको, घागर उचलू नको, सायकल तर लांबच. परीक्षा बुडाली, तिचं नावही कुणी काढलं नाही. मी कशी आहे हे घरात सगळे विचारायचे, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

कडेगावच्या लोकांना आण्णांनी सांगितलं होतं की मुलाला कावीळ झालीय. खरं सांगितलं असतं तर त्यांनी दोन गोष्टी विचारल्या असत्या. तुमच्या घराण्याच्या रक्तात रोग आहे का, आणि हाडातलं काढलेल्या पोरीला मूलबाळ होणार का. दोन्हींची उत्तरं डॉक्टरांकडं होती. पण आण्णांना उत्तरं नको होती, प्रश्नच यायला नको होते.

भाद्रपद आला, आम्हा जैनांचं दहा दिवसांचं पर्युषण आलं. वेल्लोरची तारीख अनंत चतुर्दशीनंतर लगेचची मिळाली होती. आईच्या मनानं घेतलं की भाग्यश्रीनं यंदा दहा दिवसांचे उपवास धरावेत.

"शुद्ध हून दिलं की लागू पडंल," ती म्हणाली. "भावासाठी एवढं करशील न्हवं?"

आण्णांना वेगळ्याच कारणानं हे पटलं. आमच्यात दहा उपवास पुरे केलेल्या मुलीची बँड लावून मिरवणूक काढतात. गाव बघतं, सोयरेधायरे बघतात. दहा दिवस नुसत्या पाण्यावर राहून पोरगी गाडीवर ताठ बसलीय म्हटल्यावर कडेगावचे लोक पुढं तिच्या तब्येतीबद्दल ब्रही काढणार नव्हते. आण्णा हे माझ्यासमोर मामांशी बोलले. मी तिथंच मटकी निवडत होते.

मंदिरात चातुर्मासाला आलेल्या महाराजांपुढं मी नियम घेतला. खोटं कशाला बोलू, घेताना मला बरं वाटलं. माझ्या तोंडून, माझ्या नावानं काहीतरी होत होतं. ज्या पोरीचं रक्त काढायचं तिलाच उपाशी ठेवायचं, हा शहाणपणा आमच्या घरात कुणाला खटकला नाही. मलाही नाही. डॉक्टरांनी वेल्लोरचं सगळं समजावून दिलं होतं, पण हिला दहा दिवस उपाशी ठेवू नका, हे सांगावं लागेल असं त्यांना बिचाऱ्यांना कशाला वाटेल?

सहाव्या दिवशी प्रवासाआधीच्या तपासणीला मला मिरजेला नेलं. खुर्चीतून उठताना मला घेरी आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि आईला विचारलं. आईनं अभिमानानं सांगितलं. तो भला माणूस एरवी मऊ बोलायचा. त्या दिवशी बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू गेलं.

"हिला अशी नेली तर वेल्लोरला भूलच देणार नाहीत. ही तारीख गेली की पुढची कधी मिळेल सांगता येत नाही, आणि हिच्या भावाला तेवढा वेळ नाही. आजपासून जेवायला घाला. कळतंय का?"

घरी आल्या आल्या आण्णा म्हणाले, "अगं, ताट वाढ हिला."

तिथं माझं टाळकं सरकलं. उपाशी राहा म्हटलं की राहायचं, जेव म्हटलं की जेवायचं, हाडातलं दे म्हटलं की कूस बदलून झोपायचं. मी म्हणाले, "न्हाई जेवणार. नियम घेतलाय मी."

आई रडायला लागली. मामांनी मला भावाचा जीव, आईबापाचं ऋण वगैरे ऐकवलं. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझे कान तापले होते. शेवटी आई तशीच उठून मंदिरात गेली. महाराजांनी सोड म्हटलं की ही सोडेल, असा तिचा हिशेब. ती परत आली ती पडेल चेहऱ्यानं.

"काय म्हणाले?" आण्णांनी विचारलं.

"लय बोलले. असं हाय ते आधी का न्हाई सांगितलं म्हणाले. जीव वाचवायचा म्हणून उपास सोडला तर दोष न्हाई." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पर सोडायचा का न्हाई ते तिलाच ठरवू द्या म्हणाले. नियम तिचा हाय."

नियम तिचा हाय. एवढं वाक्य ऐकून मला बरं वाटलं आणि त्याचाही मला राग आला. वीस वर्षांची घोडी मी, आणि माझ्या मालकीचं काय, तर एक उपास.

मी सम्मेदच्या खोलीत गेले. त्याच्या एका नाकपुडीत कापूस होता. पलीकडची सगळी बोलणी त्यानं ऐकली होती.

"भाग्ये," तो हळू म्हणाला, "तुला द्यायचं नसलं तर तसं सांग. मी रागावणार न्हाई. खरंच."

"गप बस," मी म्हणाले. "मरायला टेकलाय आणि वर समजूतदारपणा करतोय."

तो हसला आणि लगेच ओठ मिटून घेतले, हिरडीतून रक्त आलं असणार. मी त्याच्या उशीशी बसले. सगळ्या घरात मला विचारणारा हा एकटा, आणि त्यालाच माझी गरज होती. देणार तर मी होतेच. पत्रिका नव्हे, मज्जा जुळलीय, हे समजलं त्या क्षणापासून मला ते माहीत होतं. पण ते मी देणार होते, आण्णा नाही.

बाहेर येऊन मी आण्णांपुढं उभी राहिले. "उद्या कडेगावची मंडळी विचारपूस करायला येणारायत. सम्मेदला काय झालंय आणि मी वेल्लोरला कशाला चाललेय, हे तुमी त्यांना सांगायचं. सांगितलं की मी जेवते."

"आगं, ठरलेलं मोडंल की," मामा म्हणाले.

"मोडू दे."

आण्णांनी नुसती मान हलवली. त्या मानेला मी होकार समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लोक आले. मनुबाई, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या आणि माझा हात हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. "सातवा दिस हाय, आन् चेहरा बघा कसा ताजा हाय. पोरीच्या अंगात दम हाय बरं का."

मी आण्णांकडं बघितलं. ते सुपारी कातरत होते.

"आन् पोराची कावीळ काय म्हणतीया?" मनुबाईंनी विचारलं.

"उतरतीया," आण्णा म्हणाले. "आता बराय तसा."

पलीकडच्या खोलीत सम्मेद नाकातलं रक्त थांबवायला कापूस बदलत होता, आणि हे सुपारी कातरत म्हणत होते, बराय. मी आयुष्यात कुणावर एवढी चिडले नव्हते. मी हात सोडवून घेतला आणि आईला म्हणाले, "मुगाचं कढण आण. मी उपास सोडतेय."

मनुबाई म्हणाल्या, "आवं, असं मधीच? तीनच दिस राह्यल्यात की."

"सम्मेदला कावीळ न्हाई," मी सांगितलं. "त्याच्या अंगात रक्तच तयार होत न्हाई. माझ्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून त्याला देणारायत वेल्लोरला. मी उपाशी राहिले तर काढता येत न्हाई. हे तुमाला आण्णा सांगणार होते."

आईनं कढणाची वाटी आणली. मी भिंतीकडं तोंड करून णमोकार मंत्र म्हटला आणि वाटी तोंडाला लावली. कढण पोटात उतरलं तेव्हा कळलं मला केवढी भूक लागली होती.

"हाडातलं काढल्यावं," मनुबाईंनी मला नाही, आण्णांना विचारलं, "पोरगी धड चालंल न्हवं?"

"चालेन की," मीच म्हणाले. "साताऱ्याला जाऊन परीक्षा द्यायचीय मला."

त्यांनी दुसरा चहा घेतला नाही. जीपमध्ये बसताना मामांना म्हणाल्या, कळवतो. त्यांनी काही कळवलं नाही, आणि मीही वाट बघितली नाही.

वेल्लोरपर्यंत आण्णा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी जेवत होते, वाटेतल्या प्रत्येक स्टेशनवर जेवत होते, तेही त्यांच्यासमोर. भुलीतून जागी झाले तेव्हा कमरेत कुणी पहार घातल्यासारखं दुखत होतं. नर्सनं मला चाकाच्या खुर्चीवरून काचेपर्यंत नेलं. पलीकडं सम्मेदच्या डोक्याशी एक पिशवी लटकत होती, आणि तिच्यात साधं रक्त दिसावं तसं लाल काहीतरी होतं. एवढ्यासाठी एवढा तमाशा, असं मनात आलं. सम्मेदनं काचेतून हात वर केला. मी रडले, आणि नर्सला वाटलं कमर दुखतेय.

त्या पेशी लागू पडल्या. मधले काही महिने वाईट होते, पण पडल्या. सम्मेद पुन्हा लेथवर उभा राहिला. मी परीक्षा दिली, पास झाले.

दोन वर्षांनी त्याला लायसनसाठी रक्तगट लागला. सांगलीच्या लॅबनं 'ओ' लिहून दिला. आण्णा स्कूटर काढून भांडायला गेले. आमच्या पोराचा बी आहे, एवढ्या बाटल्या चढवल्या त्या काय खोट्या होत्या का, म्हणाले. लॅबवाल्यानं त्यांच्यादेखत पुन्हा तपासलं. ओ. तिथून ते तसेच मिरजेला डॉक्टरांकडं गेले. संध्याकाळी घरी आले आणि चप्पल न काढताच पायरीवर बसले.

"काय झालं?" आईनं घाबरून विचारलं.

"काय न्हाई. त्याच्या अंगात हिचं रक्त हाय."

"ते म्हाईत हाय की. दिलंय न्हवं तिनं."

"तसं न्हाई गं. तवा दिलेलं न्हवं. आता त्याच्या अंगात जे बनतंय ते हिचंच बनतंय. हिचा गट ओ, म्हणून त्याचाबी आता ओ. तपासलं तर मुलीचंच रक्त म्हणून दिसंल, म्हणाले डॉक्टर." त्यांनी आता चपला काढल्या. "घराण्याच्या रक्ताला बोल लागू नये म्हणून झाकत होतो मी, आन् ते रक्त हिनंच राखलं."

मी ऐकलं आणि भाकरी थापत राहिले. दोन वर्षांनी पायरीवर बसून एक वाक्य बोलल्यानं माझा राग जाणार नव्हता.

पुढच्या महिन्यात मामांनी नवं स्थळ आणलं. मुलाचे आईवडील आले, बसले. मी चहा घेऊन बाहेर आले तर आण्णांनी हातानंच मला थांबवलं.

"आधी ऐकून घ्या," ते पाहुण्यांना म्हणाले. "माझा पोरगा मरणार होता. हिनं हाडातलं दिलं म्हणून हाय. त्याच्या अंगात आज हिचं रक्त हाय. चालत असलं तर चहा घ्या, नसलं तर राग न्हाई."

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. मग मुलाच्या वडलांनी ट्रेमधला कप उचलला. मामा खूश, आई डोळे पुसतेय. आण्णांचाही चेहरा फुलला. म्हणाले, "मग तारीख बघायची का?"

एवढं सगळं खरं बोलले होते. तो मुलगा मला पसंत आहे का, तेवढं राहिलंच होतं. ट्रे माझ्या हातात होता आणि माझे कान तापायला लागले होते.

तेवढ्यात दारात उभा असलेला सम्मेद बोलला. हा पोरगा मरायला टेकला होता तेव्हासुद्धा हळू बोलायचा, आण्णांपुढं त्याचा आवाज जन्मात कधी चढला नव्हता. त्या दिवशी तो पाहुण्यांसमोर कडाडला.

"आण्णा, तिला विचारलं का कुणी?"

डॉक्टर म्हणत होते ते मला तेव्हा पटलं. रक्त माझंच होतं.