ओल्या वादीची गाठ

मांस घसरू नये, एवढंच देल्मिराला हवं होतं. गेल्या महिन्यात विमान वर चढताना रक्ताने बुळबुळीत झालेले दोर सैल पडले आणि अर्ध्या बैलाचं धूड तिच्या रोमुलोच्या पायावर आलं. हाड वाचलं हे नशीब. पोरगा हसत हसत सांगत होता, पण आईचा तेव्हापासून दोरांवरचा विश्वासच उडाला.

सांता रुफिनाच्या कुरणावर विमानात माल भरायचा आणि रेडिओ सांभाळायचा, हे काम तिचंच; तिथे सगळे तिला मानाने ‘दोन्या’ म्हणत. पहाटे बैल कापायचे, उजाडताच गरम मांस विमानात चढवायचं आणि दीड तासात बर्फाच्या डोंगरांपलीकडे ला पाझला पाठवायचं. विमान महायुद्धातलं, रोमुलोच्या जन्माआधीचं. रोमुलो त्यावरचा मेकॅनिक.

त्या सकाळी तो इंजिनाशी खटपट करतोय असं बघून तिने कासियानो हमालाला खूण केली.

“दोर राहू दे. वादी आण.”

“दोन्या, वादी झटकन सोडता येत नाही. पोरगं बोंबलेल.”

“बोंबलू दे. तुझा पाय आहे का त्या मांसाखाली?”

कच्च्या कातड्याची भिजवलेली वादी. बेनीच्या सखल मुलखात कुंपण, खाट, खोगीर, सगळं तिनेच आवळतात. ओली असताना मऊसूत, वाळली की लाकूड. पण इथल्या दमट हवेत तिला वाळायला दोन दिवस लागतात. तोवर ला पाझचे हमाल बोटांनी गाठी सोडून मोकळे होतील, असा देल्मिराचा अंदाज. आता म्हणा तिला अडाणी! जन्मात ती डोंगर चढली नव्हती. तिने मांसावर जाळं ताणलं, विमानाच्या तळातल्या लोखंडी कड्यांना वादीच्या आठ गाठी मारल्या आणि रोमुलोला दिसू नये म्हणून वरून दोर गुंडाळला.

“काय दोन्या, माल घट्ट आहे ना?” सहवैमानिकापाठोपाठ शिडी चढता चढता कॅप्टन अँतेलोने विचारलं.

“घट्ट आहे. तुमची जीभच तेवढी सैल.”

रोमुलोने तिच्या हातातून मासाकोची, कुटलेल्या केळ्या-मांसाची, पुरचुंडी आणि कॉफीचा थर्मास घेतला. “साखर घातलीस ना, आई? का परत विसरलीस?”

“घातलीय रे बाबा. नीघ आता.”

तास उलटून गेला. रेडिओवर अँतेलोचा आवाज आला. तो ला पाझला सांगत होता, की उजवं इंजिन बंद पडलंय, खिंडीच्या तोंडाशी आहोत, उंची कमी होतेय, माल बाहेर फेकतोय.

फेका, फेका मेलं ते मांस, देल्मिरा पुटपुटली. आणि मग तिला वादी आठवली. ओलीच असेल, तिने स्वतःला बजावलं, तासाभरात कुठली वाळतेय? दारात उभा कासियानो तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“सांता रुफिना! दोन्या, हे काय बांधलंय? रोमुलोची सुरी चालत नाहीये!”

“ओली वादी आहे, कॅप्टन. बोटाने सुटेल—”

“कसली ओली? गोठून लोखंड झालीय! इथे पाणी गोठतं, बाई!”

बर्फ तिने एकदाच पाहिला होता, बेनीतल्याच त्रिनिदाद शहराच्या दुकानात, सरबताच्या पेल्यात.

“कॉफी!” ती किंचाळली. “थर्मासमधली कॉफी ओता गाठीवर! दाराजवळच्या कोपऱ्यापासून सुरू करा, डावं टोक वर ओढायला सांगा!”

अँतेलो मागे वळून ओरडत असल्याचं ऐकू आलं. उरलेलं इंजिन घरघरत होतं. देल्मिरा बटण दाबून धरत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती. मारिये माते, त्याची बोटं चालू देत.

“एक सुटली!” अँतेलो म्हणाला. “एकूण किती?”

“आठ.”

अँतेलोने तो आकडा मागे ओरडून सांगितला.

“कॉफी संपली, दोन्या.”

“तोंडात धरायला सांगा! तोंडाची ऊब देऊ दे!”

“तेच करतोय तो.” आता अँतेलोला धाप लागली होती. “तो विचारतोय, कोणी बांधलं हे? त्या कासियानोने का?”

कासियानोने मान खाली घातली. देल्मिराला वाटलं, हो म्हणावं. पोराने जाताना आईला शिव्या देऊ नयेत. पण तिच्या तोंडून खोटं निघेना.

“मी. त्याला सांगा, आईने बांधलं. त्याच्या पायासाठी बांधलं, कॅप्टन, त्याला तेवढं—”

बटण सोडलं तेव्हा रेडिओत नुसती खरखर होती. संध्याकाळपर्यंत ती हाका मारत राहिली.

पाचव्या दिवशी कासियानो डोंगरावरून परतला. शोधायला गेलेल्यांबरोबर तोही गेला होता. तिघांतलं कोणी उरलं नव्हतं. विमानाची शेपटी मात्र शाबूत होती आणि जाळ्याखालचं मांस जसंच्या तसं होतं. तीन गाठी सुटलेल्या, चौथीवर दातांचे वण. ती चौथी गाठ कासियानोने लोखंडी कड्यातून कापून आणली होती. आता वाळून ती खडखडीत झाली होती.

“बांधलं होतं मात्र घट्ट, दोन्या,” तो म्हणाला आणि रडायला लागला.

देल्मिराने गाठ अंगणातल्या पाण्याच्या घमेल्यात टाकली आणि शेजारी बसून राहिली. उन्हं उतरेपर्यंत वादी मऊ पडली. तिने गाठीत करंगळी घातली आणि ती लगेच सुटली.