डोहातला तानिफा आणि माझं शेवटचं पान

मी चित्रकथेचा एक जुना अंक बोलतोय. बोलतोय खरा, पण माझ्या आठवणीवर कितपत विसंबावं, याची मलाच शंका आहे. काही गोष्टी मी स्वतः पाहिल्या की नंतर कुणाच्या तोंडून ऐकल्या, हे आता वेगळं काढता येत नाही. तरी सांगतो.

मला काढलं पेतेरानं. तो आमच्या नदीकाठच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. मुलं परक्या देशांतल्या वीरांची पुस्तकं वाचत. आपल्या नदीचं, आपल्या टेकडीचं एकही नव्हतं. म्हणून त्यानं हिनेवाई नावाची धीट मुलगी रचली. जुन्या लढाईत गाव रानात लपलं होतं, ती हकीकत घेतली. आणि शेवटच्या पानावर हिनेवाईकडून डोहातला तानिफा मारवला. मोठा जबडा, काटेरी पाठ, भरपूर लाल शाई. मला त्या पानाचा फार अभिमान होता.

छापखान्यातून गठ्ठे आले ते थेट मराएवर, कुळाच्या सभाघरात. पहिली प्रत, म्हणजे मी, पेतेरानं मेरेआना मावशीच्या हातात दिली. कुळात तिचा शब्द शेवटचा. तिनं सावकाश पानं उलटली, मध्येच हसलीही. शेवटच्या पानाशी मात्र थांबली.

"हा कोण मेला रे?"

"तानिफा, मावशी. डोहातला राक्षस."

"राक्षस असेल तुझा हेडमास्तर! हा आपला राखणदार. पूर यायचा असला की हाच माणसांना वर नेतो. मारण्याआधी कुणाला विचारलंस तरी का?"

पेतेराचा चेहरा उतरला. कुळाची गोष्ट कुळाला विचारल्याशिवाय मांडायची नसते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. हौसेच्या भरात राहून गेलं होतं.

"सगळे अंक जाळून टाकतो," तो म्हणाला. माझ्या पानापानात धडकी भरली.

"जाळतोस कशाला? पोर किती छान काढलीस. पोरांच्या हातात पडू दे की. फक्त शेवट बदल."

"तो कुठल्या वाटेनं वर नेतो, सांगशील?"

"तू काढत जा, मी सांगते."

पूल डावीकडे सोडून, फर्नच्या झाडीतून टेकडीवर चढणारी पायवाट तिनं सांगितली. नव्या पानावर तानिफा पुढे निघाला, आणि मागोमाग हिनेवाई मुलांना घेऊन.

ती पानं छापून आली तेव्हा सगळं घराणं चिकटवायला बसलं. पेतेराचा मेहुणा तुरू गठ्ठे जेवणाच्या टेबलावर मांडू लागला.

"या पानांवर पूर्वजांची तोंडं आहेत, ती खाण्याच्या जागी? खाली मांड!" मावशी ओरडली.

"मावशी, माझे गुडघे!"

"सांग त्यांना, पूर्वजांपेक्षा मोठे नाहीत म्हणावं."

हसत हसत सगळे चटईवर बसले. माझ्या आत जुनं पान अजून आहे, नव्याच्या खाली. खरा मी कोणता, हा विचार मला पुष्कळ दिवस छळत असे.

पुढे मी रोइमाता नावाच्या मुलीच्या घरी गेलो. तिनं मला इतकं वाचलं की शिवण सुटली. मग एका वर्षी मोठा पूर आला. पाणी ओसरल्यावर तिनं माझ्या शेवटच्या पानावरून हात फिरवला. "तू होतास म्हणून," ती म्हणाली. मला वाटलं, पोर माझं मन राखतेय. कागदाच्या हातून असं काय होणार?

आता मी गावच्या वाचनालयात असतो. एकच विनंती: मला काचेआड ठेवू नका. पानं फाटली तर फाटू देत, पण वाचा.

रोइमाताच्या त्या बोलण्याचा उलगडा फार उशिरा झाला. शाळेच्या बसचा म्हातारा चालक एकदा इथं मुलांशी गप्पा मारायला आला होता.

"पुराच्या दिवशी मी पोरांना घेऊन पुलावरून जायला निघालो होतो," तो म्हणाला. "ती कार्टी रोइमाता गाडीतून उतरली! 'तानिफा टेकडीवर गेला,' म्हणत पायवाटेनं सुटली. बाकीची पोरं तिच्या मागं, आणि शिव्या घालत मी त्यांच्या मागं."

पूल वाहून गेला तेव्हा बस अलीकडे उभी होती, रिकामी.