डावी टाच

आमच्या कुरणात खड्डा खणायचा एकच नियम आहे: जमिनीला कळता कामा नये. नियम मीच केला, त्यामुळे तो मोडणाऱ्याला झापायचा हक्कही माझाच, आणि तो मी चौदा वर्षं मनसोक्त बजावला. आधी गवताची गोल चकती कापायची, मातीसकट उचलून पोत्यावर ठेवायची, तिची कुठली बाजू उगवतीला होती ते लक्षात ठेवायचं. काम झालं की खड्डा भरायचा, चकती होती तशीच बसवायची आणि टाचेने दोनदा दाबायची. तीनदा नाही. तिसऱ्यांदा दाबलं की माती घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. शेवटी कडेच्या फटीवर चिमूटभर वाळलेलं गवत भुरभुरायचं. सुटीच्या दिवशी मदतीला येणारी हौशी मंडळी याला हसायची. "ताई, ही जमीन आहे की नवी नवरी?" असं एकाने विचारलं होतं. त्याला मी दिवसभर पाण्याच्या बादल्या वाहायला लावल्या. पुढच्या खेपेला तो आला नाही, ते बरंच झालं.

हा सगळा खटाटोप ठेंगूसाठी. ठेंगू म्हणजे वीतभर उंचीचं, पांढऱ्या फुलांचं रानातलं रोप. पुस्तकातलं त्याचं नाव लांबलचक आहे, ते आम्ही अधिकाऱ्यांपुरतं ठेवलंय. वर्षातून बारा दिवस फुलतं, एरवी गवतात अशी दडी मारून बसतं की वर पाय पडला तरी कळायचं नाही. अशी रोपं आता फार थोड्या जागी उरली आहेत. मी या कुरणाचं काम हातात घेतलं तेव्हा इथे तीन होती, आणि बाकी सगळं काटेरी झुडपांचं रान. कोणे एके काळी कुणीतरी जमीन कोरडी करायला चर खणले होते, ते आम्ही बुजवले. झुडपं मुळासकट उपटली, हाताची सालटी निघेपर्यंत. ठेंगूचं बी पडल्यावरच गवत कापायचं, मग मेंढ्या सोडायच्या, आणि त्यांची चंगळ सुरू झाली की हाकलून द्यायच्या. तिनाची सात झाली, मधे एकदा पुन्हा चार झाली तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नाही. यंदा एकतीस होती.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी सात वर्षांची होती, मी अठराची. तिच्या वेण्या मी घातल्या, तिचा ताप मी काढला, शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून सही मी केली. खाली रकाना असायचा, "विद्यार्थिनीशी नातं." तिथे मी दरवर्षी ठासून लिहायचे, सख्खी बहीण. पुढे तिचं लग्न झालं, नवऱ्याने गॅरेज काढलं, मला हे कुरणाचं वेड लागलं, आणि तीही माझ्यामागे बादली घेऊन यायला लागली. मी खणायचे, ती पाणी घालायची. मी मोजायचे, ती लिहायची. मी बोलायचे आणि ती ऐकायची, असं मला वाटायचं.

ठेंगूला चोरांचं भय असतं. शौकीन लोक कुंडीत लावायला उपटून नेतात, म्हणून रोपापाशी आम्ही कधीच खूण ठेवत नाही. रोपाच्या उगवतीला, नऊ पावलांवर, गवतात बुडालेली एक खुंटी ठोकतो. खुंटीपासून मावळतीकडे नऊ पावलं चाललं की रोप. हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक. हौशी मंडळींना वाटतं त्या खुंट्या मेंढ्यांच्या आहेत.

यंदा कुरणामधून नवा रस्ता काढायचं घाटत होतं. कायद्याने एक आडकाठी होती: यादीतलं दुर्मिळ रोप पाहणीच्या दिवशी जागेवर, जमिनीत मुळं धरून दिसलं, तर रस्त्याला वळसा घालावा लागतो. पाहणी गुरुवारी सकाळी दहाला ठरली. एकतीस रोपं, तीही ऐन फुलावर. मी निर्धास्त होते. बुधवारी दिवसभर शहरात जाऊन जुने नकाशे आणले, आणि रात्री चक्क डाराडूर झोपले.

गुरुवारी सातलाच मी कुरणात पोचले. पहिल्या खुंटीपासून नऊ पावलं टाकली. गवत होतं, ठेंगू नव्हतं. वाटलं, घाईत पावलं लांब पडली. परत गेले, पुन्हा मोजली. दुसऱ्या खुंटीवर तेच. पाचव्या खुंटीपाशी मी गुडघ्यांवर बसले आणि हाताने चाचपायला लागले. बोटाला बारीक फट लागली. गोल. वर चिमूटभर वाळलेलं गवत.

खरं सांगते, पहिला विचार आला तो कौतुकाचा होता. किती सफाईदार काम!

चोर चकती बसवत नाही. चोर खणतो, ओरबाडतो आणि भोक तसंच टाकून पळतो. इथे एकतीस खड्डे भरून, चकत्या लावून, वर गवत भुरभुरून ठेवलं होतं, परक्या माणसाला काही झालंय हे दिसू नये म्हणून. आणि प्रत्येक चकतीवर, ओल्या मातीत, टाचेचे दोन ठसे होते. डाव्या टाचेचे. सगळे लोक उजव्या टाचेने दाबतात. धाकटी डाव्या टाचेने दाबते, कारण नऊ वर्षांची असताना तिचा उजवा घोटा मोडला होता. शेजारच्या भिंतीवरून उडी मार, भित्री कुठली, असं तिला चिडवणारी मीच होते.

पावणेनऊला ती आली. हातात मोजायची फीत, काखेत वही, रोजच्यासारखी.

"आलीस पण इतक्या लवकर? चहा तरी घेतलास का?" असं विचारून तिने वही उघडली. "काय, सगळी आहेत ना?"

"तूच सांग," मी म्हणाले.

तिने माझ्या गुडघ्यांवरची माती पाहिली. पेनाचं टोपण लावलं.

"जिवंत आहेत," ती म्हणाली. "माझ्या परसात, सावलीत लावलीत. एकालाही धक्का लागलेला नाही, ताई. कंद मातीसकट उचलले."

"चौथ्या वर्षी आपण दोन नेली होती तुझ्या परसात. काय झालं त्यांचं?"

तिने वही मिटली.

"काय झालं?"

"गेली."

"किती दिवसांत?"

"एक हंगाम काढला त्यांनी."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"मला सगळंच माहीत असतं," ती एकदम उसळून म्हणाली. "चौदा वर्षं वही मीच लिहितेय ना? पेपरात फोटो तुझा आला. मी शेजारी उभी होते, बादलीचा नुसता कान दिसतोय त्यात. पण ते जाऊ दे. ते मी केव्हाच सोडलं. ह्यांच्या गॅरेजला आता दिवसाला दोन गाड्या येतात, त्यातली एक उसनवारीची. नवा रस्ता इथून गेला तर त्याच्या कडेला जागा मिळतेय. ठेंगूला हीच माती लागते म्हणून तू जगाशी भांडतेस. मग माणसांनी कुठे मुळं धरायची ते तरी सांग."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

मी काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं, तिलाही.

"पाहणीचे साहेब येताहेत दहाला," मी म्हणाले. "मी सांगणार त्यांना."

"नाही सांगणार."

हे ती धमकी दिल्यासारखं बोलली नाही. आज ऊन पडेल असं कुणी सांगावं, तसं सहज बोलली.

"बाहेरच्याला तू फाडून खाल्लं असतंस, ताई. मला नाही खाणार. आपलेच दात, आपलेच ओठ." आणि तिने पुढे होऊन माझ्या पदराला लागलेलं कुसळ काढून टाकलं.

रोपं नेली त्याचं दुःख झालंच. पण खरी आग लागली ती इथे. बुधवारी एकतीस खड्डे खणताना तिने माझी माया गृहीत धरली होती. मी शहरात आहे हे जसं धरलं, खुरपं कुठे असतं हे जसं धरलं, तसंच हेही धरलं की पकडली गेले तरी ताई पोटात घालेल. मी आयुष्यभर जे दिलं त्याचीच तिने माझ्याविरुद्ध पहार केली. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

साहेब दहाला पाच मिनिटं कमी असताना आले. हडकुळे, पांढरी टोपी, बूट ओले होऊ नयेत म्हणून बगळ्यासारखे पाय उचलत चालणारे. कुरणाचा कोपरा न् कोपरा त्यांनी पाहिला. मी खुंट्या दाखवल्या, नऊ पावलं चालून दाखवली. धाकटी फीत धरून मागून येत होती.

"इथे काहीच नाही, बाई," ते शेवटी म्हणाले. आवाजात कुजकेपणा नव्हता, थोडी निराशाच होती. "गेल्या वर्षी एकोणतीस लिहिलीत तुम्ही. यंदा शून्य?"

"गेल्या आठवड्याचे फोटो आहेत माझ्याकडे."

"फोटो चालत नाहीत. आज जमिनीत काय आहे ते. शून्य म्हणजे शून्य."

"आणि कुणी काढून नेली असतील तर?"

ते थांबले. टोपी काढून घाम पुसला. "तर वेगळा फॉर्म आहे. नेली हे सिद्ध होत असेल, आणि कोणी नेली ते तुम्ही सहीनिशी सांगत असाल, तर गेल्या वर्षीचा आकडा धरतात. चौकशी होईपर्यंत जमिनीला कुणी हात लावू शकत नाही. पण विचार करून बोला. नुसता संशय चालत नाही. आणि ज्याचं नाव द्याल त्याच्यावर खटला होतो. दंड, कधी कधी कैदही. तुम्हाला माहीत आहे कोणी नेली?"

मी धाकटीकडे पाहिलं. ती फीत गुंडाळत होती, एकेक वेढा नीट बसवत, मी शिकवलं तशी. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघून किंचित हसली. लहानपणी काचेचा पेला फुटला की अशीच हसायची, आणि मी तो माझ्या हातून फुटला म्हणून सांगायचे. ती जरा जरी घाबरलेली दिसली असती तर मी गप्प बसले असते. कुरण गेलं असतं, रस्ता झाला असता, मी घरी बसून रडले असते. पण ती घाबरलेली नव्हती.

"माहीत आहे," मी म्हणाले.

मी पाचव्या खुंटीपाशी साहेबांना घेऊन गेले, गुडघ्यांवर बसले, वाळलेलं गवत फुंकरलं आणि चकती उचलून दाखवली. खालची भुसभुशीत माती दाखवली. टाचेचे ठसे दाखवले. मग नाव सांगितलं.

फितीचा वेढा सुटून गवतात पडल्याचा आवाज झाला. "ताई," ती म्हणाली. फक्त तेवढंच, आणि इतक्या आश्चर्याने, की विश्वासघात मीच केलाय असं क्षणभर मलाही वाटलं.

साहेब लिहीत होते. त्यांनी पत्ता विचारला, मी सांगितला. रोपं आत्ता कुठे आहेत ते विचारलं, तेही सांगितलं. ते म्हणाले, "तिथे जाऊन पाहणी करू, मग ती तुम्ही परत लावून घ्या. किती जगतील?"

"आज लावली तर अर्धी."

मग ते अडखळले. एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. आमची नाकं सारखी आहेत. "इथे एक रकाना आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "नाव दिलेल्या व्यक्तीशी नातं. तो सोडला तरी चालतो, बाई. बरेच जण सोडतात."

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. ती रेघ, तो ठिपक्यांचा रकाना, सगळं ओळखीचं होतं. माझं अक्षर अजून तसंच आहे, शाळेच्या फॉर्मवर होतं तसं, जरा तिरकं. मी लिहिलं, सख्खी बहीण. खाली सही केली.

धाकटी वही गवतावर ठेवून फाटकाकडे निघून गेली होती. मागे वळून पाहिलं नाही तिने. मी शेडमधून पोती घेतली, खुरपं घेतलं. साहेब गाडीत जाऊन बसले. चौदा वर्षांत पहिल्यांदाच, पाण्याची बादली मला उचलावी लागली.