तारेखालची चप्पल

पावसाळ्यात पत्रा चावतो, ही गोष्ट तीर्थपुरीतील काकासाहेबांच्या घरात कुणालाच नवी नव्हती. मागच्या अंगणात पत्र्याच्या लोखंडी अँगलपासून लिंबाच्या झाडापर्यंत कपडे वाळत घालण्याची तार ओढलेली होती. पत्रा ओला झाला की तारेला हात लावताच कोपरापर्यंत झिणझिण्या येत. घरात यावर उपायही ठरलेला होता. तारेखाली रबरी चपलांचा एक जोड कायम ठेवलेला असे. कपडे वाळत घालणाऱ्याने तो पायात घालायचा. वंदना सून होऊन आली तेव्हा सासूने, सगुणाबाईंनी, तिला देवघर, धान्याच्या कोठ्या आणि ही चप्पल एकाच फेरीत दाखवली होती. वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी चप्पल असेल. तिचे नाव वेगळे असेल, इतकेच.

सप्टेंबरातल्या एका सकाळी वंदना ती चप्पल घालून नळावर गेली. सगुणाबाई अनवाणीच तारेपाशी गेल्या. हातात ओले लुगडे होते, पायाखाली ओली फरशी. तारेला हात लागताच त्या जागीच गेल्या.

पाचव्या दिवशी ओसरीवर माणसे बसली होती. काकासाहेबांची बहीण बेबीनंदा बोलत होती आणि वंदना खांबाशी उभी राहून ऐकत होती.

"सोताच्या चपला नव्हत्या का हिला? सासूच्याच न्यायला पायजे व्हत्या?"

"आत्याबाई, माझ्या चपलेचा अंगठा तुटला व्हता. दोन हंडे आणून लगेच ठेवणार व्हते."

"त्या दोन हंड्यांपायी माझी भावजय गेली!"

काकासाहेबांनी मुलाकडे, अंगदकडे पाहिले. "तेराव्यानंतर हिला शहागडला, माहेरी पोचवून ये. मागं आणायची न्हाई." अंगदने मान खाली घातली.

कोपऱ्यात हरिओम वायरमन बसला होता. तीन वर्षांपूर्वी या घरातली वायरिंग त्यानेच केली होती. त्याच्या शेजारी सिराजोद्दीन होते. वय सत्तरीचे, हरिओमला हे काम शिकवणारे तेच.

"काकासाहेब, लाईन बंद केली का?" त्यांनी विचारले.

"कोणती?"

"जिच्यानं वहिनी गेल्या ती."

लाईन चालूच होती. पाच दिवस वंदना त्याच तारेवर कपडे वाळत घालत होती. चप्पल घालून!

सिराजोद्दीन उठले. त्यांनी अँगलला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला. मग मेन स्विच पाडून ते शिडीने वर गेले. मागोमाग हरिओमला जावेच लागले.

बोअरच्या मोटारीची वायर पत्र्यावरूनच नेलेली होती. तिच्यावरचा पाईप भिंतीत गाडण्यासाठी असतो तसला, पातळ होता; तीन उन्हाळ्यांत तो इतका ठिसूळ झाला होता की बोटाने दाबताच मोडला. पत्र्याच्या कडेशी तो चार बोटे कमी पडला होता. तिथे वायर उघड्या धारेवर टेकली होती आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीबरोबर घासली जात होती. आत तांबे चमकत होते. अर्थिंगची वायर भिंतीवरून हातभर खाली येऊन नुसतीच लोंबत होती. जमिनीत खड्डा कधी खणलाच नव्हता.

"हा वायरीचा जोड तुझा हाय, बेटा. असा पीळ मीच शिकवला तुला."

"उस्ताद, तीन वर्षं काई झालं न्हाई."

"रोज झालं. त्या बाईला झिणझिण्या येत व्हत्या, ते काय व्हतं? पत्रा तीन वर्षं सांगून राह्यला व्हता. तुम्ही त्याचं ऐकलं न्हाई, तिच्या पायात चप्पल घातली."

हरिओम मोडलेल्या पाईपाचा तुकडा बोटांत फिरवू लागला.

"खाली ती पोरगी गुन्हेगार ठरून राह्यली. उतरून बोलतो, का मी बोलू?"

"बोललो तं मला पुन्हा कोण बोलावल?"

"बिलकुल कोणी बोलावणार न्हाई. पण असा पाईप किती पत्र्यांवर टाकला तू?"

हरिओमचे ओठ हलत राहिले. मोजणी संपल्यावर तो म्हणाला, "सदतीस."

तो खाली उतरला आणि ओसरीसमोर उभा राहिला.

"काकासाहेब, वंदनावहिनीचा दोष न्हाई. मावशी माझ्या हातानं गेल्या! पहिल्याच पावसात त्यांनी मला सांगितलं व्हतं, हरिओम, तार चावते. मी वर चढलोच न्हाई. म्हणलो, मावशी, चप्पल घालत जा, काई होत न्हाई. ती चप्पल माझी हाय!"

काकासाहेब त्याच्या अंगावर धावून गेले. उगारलेला हात मात्र वरच राहिला.

"मला बी सांगितलं व्हतं तिनं," ते हळूच म्हणाले. "मी म्हणलो, हरिओम म्हणतो तसं कर." मग ते खांबाकडे वळले. "पोरी, शहागडला जायचं असंल तं सणाला जा."

वंदना रडली नाही. ती तारेखाली गेली, चप्पल उचलली आणि उकिरड्यावर टाकून आली. बेबीनंदाने पदर तोंडाला लावला तो सुटला नाही.

त्याच दुपारी हरिओमने पोलिसांत स्वतःहून जबाब दिला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला; तो व्हायलाच हवा होता. खटला उभा राहीपर्यंत सिराजोद्दीन आणि तो सदतीस पत्र्यांवर चढले. उन्हात टिकणारा जाड पाईप त्यांनी पत्र्यापासून वर उचलून पट्ट्यांनी घट्ट बसवला, पाणी शिरू नये म्हणून त्याची तोंडे खाली वळवली, कडांना रबर लावले, अर्थिंग जमिनीत नेले आणि विजेची गळती होताच ती तोडणारा स्विच मीटरजवळ बसवला. त्यांतल्या आणखी अकरा घरांत पत्रा चावत होता. अकराही घरांत तारेखाली चप्पल नाहीतर लाकडी पाट ठेवलेला होता, आणि एकाही घराने तक्रार केलेली नव्हती.

विजेला सवय, नशीब आणि श्रद्धा कळत नाही. तिला फक्त वाट कळते. झिणझिणी ही त्या वाटेची पूर्वसूचना असते. ती जाणवताच मेन स्विच पाडावा आणि जाणकाराला छतावर चढवावे, चपलेवर जीव टांगू नये. कारण माणूस एक ना एक दिवस चप्पल विसरतोच. विसरणे हा अपराध नाही. विसरणाऱ्याचा जीव जाईल अशी तार घरावर ठेवणे, हा अपराध आहे.