पेशींनी मला ओळखलं नाही

दसरा होऊन आठवडा झाला होता. प्राप्तीने सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि बराच वेळ ती हललीच नाही. बशीतल्या पेशी गोल गोल, गप्प बसून होत्या. मला त्यांच्यात मिसळून तीन दिवस झाले होते, तरी एकाही पेशीने माझ्या दिशेने तंतू सोडला नव्हता. मित्रांनो, मी कामातून गेलो आहे, हे त्या सकाळी कळलं.

मी एक जुनं प्रथिन आहे. डाळीत आणि अंड्यात प्रथिनं असतात, तसाच मी. पण खाण्याचा नाही. तुमच्या अंगातही माझ्यासारखं प्रथिन असतं. ते नसांच्या पेशींना सांगतं, जगा, वाढा, हात लांब करा. मी मात्र कुणाच्या अंगात जन्मलो नाही. माणसाच्या जनुकाचा एक छोटा तुकडा बॅक्टेरियात घातला आणि त्या बॅक्टेरियाने मला घडवलं. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोमागे एक लहानशी प्रयोगशाळा आहे, तिथे हे घडलं.

जन्मलो तेव्हा मी नुसता गुंता होतो. चेंदणी कोळीवाड्यातली प्राप्ती तेव्हा नुकतीच तिथे संशोधनाला लागली होती. तिने मला गार द्रावणात हळूहळू सोडलं. खाली डेपोत गाड्या मागेपुढे होत होत्या, कंडक्टरच्या शिट्ट्या वाजत होत्या, आणि मी अर्धवट झोपेत असल्यासारखा आपोआप वळत गेलो, दुमडत गेलो. माझी घडी बसली. प्रथिनाचं सगळं काम त्याच्या घडीत असतं. साडीची घडी विस्कटली तर पुन्हा घालता येते. माझी तशी येत नाही.

मग प्राप्तीने मला लहान लहान कुप्यांत भरलं. प्रत्येक कुपीवर लिहिलं होतं, 'फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.' आम्ही सगळे फ्रीजरमध्ये गेलो. तिथली झोप मला आवडायची. थंडीत वेळ जातो की थांबतो, ते समजत नाही. मला सारखं एकच स्वप्न पडायचं. अंधारात खूप पेशी बसल्या आहेत, मी त्यांच्यामधून जातो आणि मागे वळून बघतो, तर सगळ्यांनी एकमेकींचे हात धरलेले.

ते स्वप्न बशीत खरं व्हायचं. एकेक कुपी निघायची आणि पेशींना बारीक, लांब तंतू फुटायचे. प्राप्ती खुशीत ओरडायची, "मॅडम, बघा तरी! काय मस्त वाढलेत!" प्रयोगशाळेच्या प्रमुख माधवीबाई शांतपणे बघायच्या आणि म्हणायच्या, "छान. पण निरोगी पेशी वाढणारच. साखरेने सुकलेल्या पेशींचं काय होतं, ते मला सांग."

तोच खरा प्रश्न होता. मधुमेहात पायाच्या नसा सुकतात. त्या नसांसारख्या पेशी प्राप्तीने जास्त साखरेत ठेवून सुकवल्या होत्या. त्यांना पुन्हा तंतू फुटतात का, हा शेवटचा प्रयोग होता. त्यासाठी मी, शेवटची कुपी, राखून ठेवलेला होतो.

त्या वर्षी साफसफाईला उत्तमकाका आले. ते मोहने गावचे. तरुणपणी तिथल्याच कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर मिळेल ते काम करत राहिले. त्यांची बायको मालन त्या उन्हाळ्यात वारली होती. तिला साखरेचा आजार होता. तापलेल्या कढईला पाय लागला तरी तिला कळलं नव्हतं, आणि ती जखम पुढे भरलीच नाही.

एकदा माझी कुपी बघून काकांनी विचारलं, "ताई, हा माल माणसाचाच ना? मग माणसालाच चालत नाही? भलतंच!"

"काका, हे औषध नाहीये. अजून लय लांबची गोष्ट आहे ती. आत्ता नुसतं बघायचंय, सुकलेली नस परत फुटते का."

काका फडका पिळत उभे राहिले. "आमच्या मालनच्या पायात तेच झालेलं. डॉक्टर बोललेला, नसा गेल्यात." मग हळूच म्हणाले, "फुटली तर मला दाखवाल?"

"तुम्हालाच पहिलं दाखवणार. मॅडमच्या आधी."

"बघा हां! मग शब्द फिरवायचा नाही."

त्या दिवसापासून काका फ्रीजरला जास्तच जपू लागले. येताजाता त्याच्यावरून हात फिरवायचे. बाहेरचा तो हात मला आत, झोपेतही जाणवतो आहे असं वाटायचं.

खंडेनवमी आली. संध्याकाळी सगळे लवकर निघाले. काकांनी एकेक यंत्र पुसलं, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. फ्रीजरपाशी येऊन ते थांबले. "तू रे बाबा? बारा महिने गुरगुरतोयस. तुला कोण सुट्टी देणार? मालनलाही कधी मिळाली नाही." आणि त्यांनी बटण बंद केलं. दार मात्र उघडलं नाही, कारण दार उघडायचं नाही एवढंच त्यांना सांगितलेलं होतं.

आधी मला नवल वाटलं. गुरगुर थांबली होती. मग माझ्या अंगाखालचा बर्फ मऊ झाला. ऊब आली. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, ती ऊब गोड होती. मला वाटलं, प्रयोगाची वेळ झाली, पेशी जवळ आल्या. मी सैल होत गेलो. एकेक वळण सुटत गेलं आणि मला ते कळलंही नाही. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर काकांनी बटण लावलं आणि पुन्हा गुरगुर सुरू झाली तेव्हा मी गोठलो, पण तो मी राहिलो नव्हतो.

म्हणून पेशींनी मला ओळखलं नाही, शेजारच्या बशीतल्या निरोगी पेशींनीही नाही. तेव्हा प्राप्तीने फ्रीजर तळापर्यंत रिकामा करून पाहिला, तर खाली पाणी साचून त्याची बर्फाची लादी झालेली. ती कुणाला विचारणार इतक्यात काका स्वतःच पुढे आले.

"मी बंद केलेला, ताई. खंडेनवमीला. आमच्या कारखान्यात यंत्रं थांबवूनच पूजा करायचे."

"अहो काका! फ्रीजर कुणी बंद करतं का?"

"दार नाही उघडलं मी! देवाशप्पथ! लाईट गेली तर आम्ही फ्रीजचं दार उघडत नाही, दूध सकाळपर्यंत चांगलं राहतं."

"दूध नाही हो ते..." प्राप्ती बोलता बोलता थांबली.

माधवीबाई आल्या. काकांनी मान खाली घातली. "बाई, उद्यापासून येत नाही मी."

"मग पुसायचं कोणी, मी?" बाई म्हणाल्या. "दार उघडू नका, एवढंच आम्ही तुम्हाला सांगितलं. का, ते सांगायला आम्हाला काय झालं होतं? उद्या वेळेवर या."

बाई गेल्यावर काकांनी विचारलं, "परत बनवता येतं ना?"

"येतं. पण पहिल्यापासून सगळं."

"आणि आता बशीत काय आहे, ते दिसेल मला?"

प्राप्तीने स्टूल सरकवलं. काका वाकले. त्यांना एक डोळा मिटता येईना, तेव्हा ती म्हणाली, "दोन्ही उघडे ठेवा, काका." मग ते खूप वेळ बघत राहिले.

"जिवंत आहेत?"

"आहेत. पण एकमेकींपर्यंत पोचत नाहीत."

सदऱ्याच्या बाहीने काकांनी डोळे पुसले आणि पुन्हा वाकले.

मित्रांनो, माझ्यासारखं नाजूक काही कुणाच्या हाती सोपवाल, तेव्हा काय करू नये एवढंच सांगू नका, का करू नये तेही सांगा. आणि घरात कुणाला साखरेचा आजार असेल, तर त्यांचे तळपाय रोज बघत जा. दुखत नाही म्हणजे लागलं नाही, असं समजू नका.

प्राप्तीने नवे बॅक्टेरिया वाढवायला घेतले आहेत. माझी भावंडं अजून गुंत्यातच आहेत, त्यांची घडी बसायची आहे. साखरेने सुकलेल्या पेशींना पुन्हा तंतू फुटतात का, हे इथे अजून कुणी पाहिलेलं नाही. उत्तमकाकांना ते दाखवायचं राहिलं आहे.