साच्यातलं जुनं नाव

मामांनी वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढण्याआधी साच्यातल्या अक्षरांकडे एकदा पाहून घेतलं. संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर पंख्याभोवती जे काळं प्लास्टिकचं कव्हर असतं, त्याचा हा पोलादी साचा. त्यात कंपनीचं नाव उलट्या अक्षरांत त्यांनीच कोरलं होतं, आणि तेही असं खोल, की कव्हरावर डोळे मिटून बोट फिरवलं तरी वाचता यावं.

आता एका बड्या कंपनीने त्यांची कंपनी विकत घेतली होती. कार्ड तेच, माणसं तीच, नाव तेवढं बदलायचं. नव्या मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "जुन्या नावाची सावलीसुद्धा दिसली, तर साचे बाहेरून करून घेऊ. मग हा विभाग बंद."

म्हणजे सगळ्यांच्याच पोटावर पाय.

"मामा, दुसऱ्या कुणाला द्या ना हे काम," साच्यातून कव्हरं काढणारं प्रेस-यंत्र चालवणारी त्यांची भाची म्हणाली. "तुमचा हात धजायचा नाही."

"धजावा लागेल. मी कोरलंय, मलाच ठाऊक कुठे किती खोल आहे ते."

अक्षरं भरली, घासली, पॉलिश केली. भाचीने पहिलं कव्हर काढून दिव्याखाली तिरकं धरलं. जुनं नाव फिकट, पण स्पष्ट दिसत होतं.

"मानगुटीवरच बसलंय मेलं," मामा करवादले आणि त्यांनी पुन्हा साचा उतरवला. मग आणखी एकदा. स्वतःच्याच कामाला त्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या. पण आतून थोडा अभिमानही वाटत होता.

शेवटचं कव्हर मॅडमनी उजेडात फिरवून पाहिलं, नखाने चाचपलं.

"काहीच दिसत नाही. नवं नाव कोरायला घ्या."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मामांनी ते कव्हर उचलून अंगठा फिरवला. गुळगुळीत. त्यांना वाईट वाटलं, अगदी मनापासून. डोळे पुसून त्यांनी कोरणी हातात घेतली.

बऱ्याच वेळाने भाची साच्यावर वाकली.

"मामा, हे एवढं वरवर का? आधीचं कसं खोल होतं!"

मामांनी फुंकर मारून पोलादाचा कीस उडवला.

"पुढच्या खेपेला पुसणाऱ्याचे हाल नकोत."