गप्प बसलं की लाल

गेल्या वर्षी नर्सिंगच्या इंग्रजीतल्या तोंडी परीक्षेत तिची अशी त-त-प-प झाली की वर्गाने तिचं नावच मौनीबाई पाडलं. यंदा पुन्हा नापास झाली तर कॉलेजला कायमचा रामराम ठोकावा लागणार होता. म्हणून तिने इंग्रजी बोलायला शिकवणारं ॲप घेतलं, आणि मावशीच्या घरातली शांतता गेली ती गेलीच.

ॲप मोठं खडूस होतं. प्रश्न आला आणि उत्तर देताना जरा अडखळलं, की पडद्यावरचं हिरवं वर्तुळ लाल व्हायचं, गुण घसरायचे. तिने त्यावर तोड काढली. काहीही कानावर पडलं की आधी 'दॅट्स ग्रेट' म्हणून टाकायचं, तेवढ्यात पुढचं वाक्य जुळवायचं. गुण भराभर चढले. जिन्यात, बाथरूममध्ये, कपडे वाळत घालताना तिच्या तोंडाचा पट्टा सुरूच. जेवायला बसली तरी पाय हलत असायचे. ते लाल वर्तुळ काही डोळ्यांपुढून जाईना.

"कुणाशी भांडतेस गं?" मावशी विचारायची. आईच्या माघारी तिनेच भाचीला लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे तिला सगळं चालायचं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मावशी स्वयंपाकघरात भाजी निवडत म्हणाली, "अगं, डॉक्टरांनी मला परत बोलावलंय. अजून एक तपासणी करायचीय म्हणे."

"दॅट्स ग्रेट," भाची म्हणाली. एका कानात इअरफोन तसाच होता.

मावशी हसली. "कर बाई तुझा अभ्यास."

दुसऱ्या दिवशी परीक्षेत पेशंटची भूमिका करायला खाटेवर एक निवृत्त सिस्टर झोपल्या होत्या, कोपऱ्यात परीक्षक बाई बसल्या होत्या. सगळं बोलणं इंग्रजीत. ताप, औषधं, झोप. ती धडाधड विचारत सुटली. परीक्षक बाई खूश दिसत होत्या. मग सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, की डॉक्टरांनी आणखी एका तपासणीसाठी परत बोलावलंय.

"दॅट्स ग्रेट," ती म्हणून बसली. हे तर तिने काल ऐकलं होतं. स्वयंपाकघरात.

परीक्षक बाईंनी पुढे बोल म्हणून खूण केली. तिने सिस्टरांचा हात धरला, "सॉरी" म्हणाली, आणि पुढे शब्दच फुटेना. वेळ संपली. निकाल उद्या लागणार होता.

बाहेर येऊन फोन सुरू केला तर ॲप विचारत होतं, आजचा सराव कधी करणार? ते बाजूला सारून तिने मावशीला फोन लावला.

"झाली का गं परीक्षा? बोललीस ना नीट?"

"मावशी, डॉक्टरांनी परत कशाला बोलावलंय?"

पलीकडे मावशी गप्प झाली. भाची भिंतीला टेकली, फोन कानाशी घट्ट धरला, आणि मावशी बोलेपर्यंत थांबली.